तलवारीला भाव, दुकानदाराला ताप

२३ मे २०२३ रोजी लंडनच्या बोनहॅम्स पेढीच्या लिलावात टिपू सुलतान यांची तलवार १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. अंदाज होता अवघा १५ ते २० लाखांचा! त्याच पेढीवर २०१५ मध्ये टिपूंचीच दुसरी तलवार सुमारे २१ लाख पौंडांना विकली गेली होती.

असे आकडे छापून आले की माळ्यावरच्या तलवारी-कट्यारी खाली उतरतात आणि मालक लाखांचीच भाषा बोलू लागतो. दुकानदार मात्र कात्रीत सापडतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरील वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, नोंदवही ठेवावी लागते आणि असा माल परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे भाव लंडनचा ऐकायचा, गिऱ्हाईक मात्र इथेच शोधायचे! त्यात नकली मालाची भर. उदयपुरात कोफ्तगरीच्या सुबक तलवारी आजही घडतात. तिथला कारागीर नवी म्हणून विकतो. पुढे कोणी तीच जुनी म्हणून खपवली, तर बट्टा साऱ्या बाजाराला लागतो.

खरा भाव पोलादाचा नसून पुराव्याचा असतो. १९९९ मध्ये नव्हे, तर १७९९ मध्येच, श्रीरंगपट्टण पडल्यावर, ती तलवार मेजर जनरल बेअर्ड यांना नजर केल्याचा दाखला तिच्यासोबत होता. तेव्हा घरात जुने हत्यार असेल, तर ते घासूनपुसून चकचकीत करण्याआधी त्याचे कागद शोधा. कागद नसेल, तर लंडनचा भाव विसरा.