केबलची पारख

घरांतील बहुतेक वस्तू आपण पारखून घेतों. साडीचा पोत बोटांनीं चाचपतों, तांदूळ तळहातावर घेऊन पाहतों. परंतु मोबाइलची केबल मात्र हातीं येईल ती वापरतों. या हयगयीची किंमत आमच्या घरानें गेल्या पावसाळ्यांत मोजली.

वादळामुळें सायंकाळीं वीज गेली होती. रात्रीं आत्याबाईंना धाप लागली, आणि घरांतील सगळे फोन नेमके रिकामे! मध्यें पंधरा मिनिटें वीज आली. पुतण्यानें नुकताच आणलेला २५ वॅटचा चार्जर आम्हीं घाईनें लावला. पाव बॅटरी सहज भरावी. पण वीज पुन्हां गेली तेव्हां आंकडा पांच टक्क्यांवरच होता. डॉक्टरांना फोन लागला, तो गाडीची व्यवस्था ठरण्यापूर्वींच बंद पडला. धाकटे बंधू पावसांत मोटारसायकलवरून जाऊन डॉक्टरांना घेऊन आले, म्हणून निभावलें.

दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं चार्जरला दोष दिला. खरा दोष केबलचा होता. ती एका जुन्या बॅटरीच्या दिव्याबरोबर आलेली, बारीक अशी होती. केबल बदलतांच तोच चार्जर, तोच फोन, झपाट्यानें चार्ज होऊं लागला.

असें कां व्हावें? आमच्या कडेगांव तालुक्यांतील शेतकऱ्यास हें सांगण्याची गरज नाहीं. टेंभू उपसा सिंचन योजनेनें कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें उचलून या दुष्काळी भागांत आणलें आहे. पंप कितीहि जोरदार असो, पाइप बारीक आणि फार लांब असला तर शेवटच्या वाफ्यांत पाणी रडतरखडतच पोहोंचतें, हा येथील नित्याचा अनुभव. विजेचेंहि तसेंच आहे. व्होल्ट हा दाब, अँपिअर हा प्रवाह, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. समजा, केबलचा जाण्यायेण्याचा मिळून रोध ०.२ ओहम आहे. तिच्यांतून ३ अँपिअर प्रवाह नेला तर ०.६ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतो, आणि १.८ वॅटची नुसती उष्णता होते. प्रवाह दुप्पट केला तर ही उष्णता चौपट होते.

म्हणूनच आधुनिक चार्जर प्रवाहाबरोबर दाबहि वाढवितात. नेहमींच्या ५ व्होल्टांऐवजीं ते ९, १५ किंवा २० व्होल्ट देतात. परंतु त्याआधीं फोन व चार्जर यांची आपसांत बोलणी व्हावी लागतात. हीं बोलणीं केबलमधील निराळ्या नाजूक तारांवरून चालतात. स्वस्त दिव्यांच्या केबलींत पुष्कळदां त्या ताराच नसतात. मग चार्जर सावधपणें ५ व्होल्टांवरच थांबतो. आमच्या घरीं त्या रात्रीं हेंच घडलें.

युरोपीय संघानें २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलांना टाइप-सी हें एकच तोंड सक्तीचें केलें. तोंडें एक झालीं, तरी केबली एक झाल्या नाहींत. दोन्हीं टोकांस टाइप-सी असलेली प्रमाणित केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंत चालते. ५ अँपिअरसाठीं तिच्या टोकांत ओळख पटविणारी लहानशी चिप असावी लागते. २०२१ सालच्या नियमांनीं अशा केबलची मर्यादा २४० वॅटपर्यंत नेली. लॅपटॉपसाठीं हीच घ्यावी. कांहीं कंपन्यांची रीत मात्र वेगळी. ओप्पो व वनप्लस यांचे ६५ वॅटचे चार्जर १० व्होल्टांवर ६.५ अँपिअर देतात. तेथें त्यांची स्वतःची केबलच हवी.

वाईट केबल केवळ संथ असते असेंहि नाहीं. गूगलमधील बेन्सन ल्युंग हे अभियंते २०१५ पासून बाजारांतील केबली तपासून लोकांना सावध करीत होते. २०१६ सालीं आंतील तारा उलट जोडलेल्या एका केबलनें त्यांचा संगणकच निकामी केला.

तेव्हां खरेदी करतांना वेष्टनावरील वॅट व अँपिअर वाचावे. बाहेरच्या जाड आवरणास भुलूं नये. तांब्याच्या तारेची जाडी ए.डब्ल्यू.जी. या आंकड्यानें देतात, आणि हा आंकडा जितका लहान तितकी तार जाड. गरज नसतां लांब केबल घेऊं नये, मीटरभर पुरे. टोंक हाताला चटका देऊं लागलें किंवा ढिलें झालें, तर ती केबल त्याच दिवशीं टाकून द्यावी. चार्ज होत असलेला फोन उशीखालीं कधींहि ठेवूं नये.

एकत्र कुटुंबांत दहा केबली दहा हातांतून फिरतात. आमच्या घरीं आतां चांगल्या केबलला तांबडा दोरा बांधला असून, ती चार्जरपासून हलवावयाची नाहीं असा नियम आहे. दोरा आत्याबाईंनींच बांधला आहे, त्यामुळें तो मोडण्याची कोणाची छाती नाहीं.