‘पुढचे पान’ नेमके कुठले?

मतदानाच्या दिवशी सोलापुरात केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्यांपुढे छापील मतदार यादी असते. एका पानावर तीन रकाने, रकान्यात दहा चौकटी, म्हणजे ३० मतदार. यादी भाग आणि अनुक्रमांक सांगितला की नाव लगेच सापडते. एखादे नाव वगळले तरी त्याची चौकट काढून टाकत नाहीत, तिच्यावर वगळल्याचा शिक्का उमटतो. नवी नावे पुरवणीत जातात. त्यामुळे ४१२ क्रमांकाचा मतदार यादी नव्याने बांधली जाईपर्यंत ४१२ वरच राहतो.

पडद्यावरच्या याद्यांना ही शिस्त नाही. समजा, मार्केट यार्डातल्या एका अडत्याचा मुनीम कांद्याच्या आवकेच्या नोंदी तपासतो आहे. ताजी नोंद सर्वांत वर, पानावर २० नोंदी. पहिल्या पानावर १०० ते ८१ क्रमांक दिसतात. ते तपासून होईपर्यंत तीन गाड्या आत येतात. मुनीम ‘पुढे’ दाबतो, तर दुसऱ्या पानाच्या डोक्यावर पुन्हा ८३, ८२, ८१. डिसेंबर-जानेवारीत गाड्यांची रीघ लागलेली असताना हे सारखे होणार. तरी दुबार नोंद निदान डोळ्यांना दिसते. उलट पहिल्या पानावरच्या तीन नोंदी मधल्या वेळेत रद्द झाल्या, तर ८०, ७९, ७८ वर सरकतात आणि दुसरे पान ७७ पासून सुरू होते. त्या तीन नोंदी मुनीम बघतच नाही, आणि आपण काही बघितले नाही हेही त्याला कळत नाही.

दोष मागणीच्या पद्धतीत आहे. ‘पान दोन’ म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम: वरच्या २० ओळी सोड, पुढच्या २० दे. वरच्या २० कोणत्या, हे दर वेळी नव्याने ठरते. शिवाय सोडायच्या ओळीही बहुतेक वेळा आधी मोजाव्या लागतात. ५,००१ वे पान मागितले की १,००,००० ओळी वाचून टाकून द्यायच्या, मग २० दाखवायच्या. खोलवरची पाने रखडतात ती यामुळे.

उपाय जुना आणि साधा आहे. ‘२० सोड’ म्हणण्याऐवजी ‘८१ च्या आधीच्या २० दे’ म्हणायचे. वर कितीही गाड्या आल्या तरी ८१ ची जागा ढळत नाही. यात थेट ३७ व्या पानावर उडी मारता येत नाही, अशी तक्रार प्रोग्रामर करतात. पण ३७ वे पान हवे असते कोणाला? माणसाला गेल्या मंगळवारची आवक हवी असते.

पानेच नकोत, म्हणून २००६ मध्ये एझा रास्किनने न संपणारी यादी तयार केली. पुढे त्याला तिचा पश्चात्ताप झाला. गूगलनेही शोधनिकालांची पाने काढून सलग यादी आणली आणि २०२४ मध्ये ती मागे घेतली. सलग यादीत तळाचा ‘संपर्क’ दुवा हाती लागतच नाही. बोट टेकवेपर्यंत आणखी नोंदी येऊन तो खाली ढकलला जातो.

नावांच्या यादीत पानांना आकड्यांऐवजी अक्षरे द्यावीत, हे मला सर्वांत पटते. तिथेही एक मेख आहे. शाळेतल्या मुळाक्षरांत क्ष, ज्ञ शेवटी येतात, म्हणून क्षीरसागर आडनावाचा माणूस हिरेमठांच्या पुढे, शेवटच्या पानावर बघतो. संगणकाच्या लेखी मात्र क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. नुसत्या संकेतांकांवर लावलेल्या यादीत क्षीरसागर कोळी आणि खरात यांच्या मध्ये बसतात. ळ तर ल ला चिकटून येतो. मराठीचा वेगळा वर्णक्रम युनिकोडच्या भाषानियमांत दिलेला आहे. यादी लावताना प्रोग्रामरने भाषा ‘मराठी’ निवडली, तर तो लागू होतो.