कोसळता हिमकडा आणि नावेचें अंतर

हिमनदी हा शब्द आपल्या कानांना नवा नाहीं. गंगोत्रीची हिमनदी गोमुखाशीं संपते व तेथून भागीरथी वाहूं लागते, हें आपण सर्वांनीं शाळेंत वाचलेलें असतें. पण हिमालयांतील बहुतेक हिमनद्यांचें तोंड जमिनीवरच संपतें. अलास्का, ग्रीनलंड, स्पिट्सबर्गेन, दक्षिण अमेरिकेचें टोंक, या प्रदेशांत मात्र अशा हिमनद्या आहेत कीं, त्या सरळ समुद्रांत किंवा मोठ्या सरोवरांत उतरतात. पाण्यापाशीं त्यांचा शेवट म्हणजे शें-दोनशें फुटांचा, कोठें कोठें त्याहूनहि उंच, असा निळसर बर्फाचा उभा कडा. मागून येणारें बर्फ त्याला पुढें रेटीत असतें, खालून पाणी त्याला पोखरीत असतें, आणि मधून मधून त्याचे प्रचंड ढलपे सुटून पाण्यांत कोसळतात. इंग्रज खलाशी अशा वेळीं हिमनदी ‘व्याली’ असें म्हणतात. गाईला वासरूं व्हावें तसा तिला हिमखंड होतो! शब्द गोड आहे. प्रसंग मात्र तसा नव्हे.

हा देखावा पाहण्याकरितां दर उन्हाळ्यांत हजारों प्रवासी नावांतून आणि आगबोटींतून जातात. त्यांत मुंबई-पुण्याकडचीं कुटुंबेंहि असतात. माझा एक जुना विद्यार्थी नुकताच अलास्काहून परतला. तो मोठ्या तक्रारीच्या सुरांत म्हणाला, “मास्तर, एवढे पैसे मोजले, आणि कप्तानानें नाव अर्ध्या मैलावरच थांबविली! सगळे आणखी पुढें चला म्हणत होते, पण तो गृहस्थ कांहीं केल्या ऐकेना.” त्या न ऐकणाऱ्या कप्तानाची बाजू आपल्यापुढें मांडावी, एवढाच माझ्या या भाषणाचा हेतु आहे.

पश्चिम ग्रीनलंडमध्यें एकिप सेर्मिया नांवाची हिमनदी आहे. इलुलिस्सात गांवाहून नावा करून लोक ती पाहावयास जातात. २०१४ सालच्या जुलै महिन्यांत तेथें कडा कोसळला, आणि सुदैवानें त्या वेळीं शास्त्रज्ञांचीं उपकरणें तेथें मांडलेलीं होतीं. म्हणून त्या घटनेचीं मापें आपणांस मिळालीं. कड्याची उंची होती २०० मीटर. पडलेलें बर्फ सुमारें ९ लक्ष घनमीटर. त्यानें कड्याच्या पायथ्याशीं जी लाट उसळली ती ५० मीटर उंचीची होती, म्हणजे आपल्याकडील पंधरा-सोळा मजल्यांच्या इमारतीएवढी. ती लाट दर सेकंदाला २५ ते ३३ मीटर या वेगानें निघाली. चार किलोमीटर दूर असलेल्या समोरच्या उभ्या किनाऱ्यावर तिचें पाणी १० ते १५ मीटर वर चढलें. तेथील बांधकाम तिनें मोडलें आणि कैक वर्षांचीं झाडेंझुडपें खरवडून काढलीं. त्याच वेळीं प्रवाशांची एक नाव कड्यापासून ८०० मीटरांवर उभी होती. तिच्यावरून घेतलेलें चलच्चित्र पुढें संशोधनाच्या कामीं आलें.

मी जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलें. तेव्हां हा हिशेब केल्यावांचून मला राहवत नाहीं. ८०० मीटर अंतर ही लाट २४ ते ३२ सेकंदांत कापील. म्हणजे कप्तानाला सुमारें अर्धा मिनिट मिळाला. तेवढ्यांत नाळ लाटेकडे वळवितां येते, लोकांना ‘खालीं बसा, धरून राहा’ असें सांगतां येतें. शिवाय लाट जसजशी दूर जाते तसतशी ती पसरून ठेंगणी होते. आतां तीच नाव २०० मीटरांवर असती तर? हातीं सहा ते आठ सेकंद! एवढ्या वेळांत नाव वळणें बाजूलाच राहो, काय झालें हेंहि सर्वांच्या ध्यानांत येत नाहीं. ‘आणखी थोडें पुढें’ या तीन शब्दांत किती सेकंद खर्ची पडतात, हें माझ्या त्या विद्यार्थ्याला मीं पाटीवरच दाखविलें.

पण माणसाला पुढें जावेंसें वाटतें याला कारण आहे. त्या प्रदेशांत कड्याशेजारीं झाड नाहीं, घर नाहीं, माणूस नाहीं. उंचीचें माप कशावरून घ्यावें? दोनशें मीटरांचा कडा डोळ्यांना पन्नास फुटांचा भासतो. कानहि फसवितात. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो; म्हणून अर्ध्या मैलावर उभे असतां बर्फ आधीं मुकाट्यानें सुटतांना दिसतें आणि गडगडाट दोन-अडीच सेकंदांनीं येतो. आवाजाची वाट पाहणारा नेहमींच उशिरा जागा होतो. आणि तासभर कांहीं पडलें नाहीं म्हणून कडा थकला असें मुळींच नाहीं. पुढचा ढलपा कोणत्या घटकेला सुटेल हें अनुभवी नावाड्यालाहि सांगतां येत नाहीं.

लाटेवांचूनहि धोका आहे. स्पिट्सबर्गेनमधील हॉर्नसुंड खाडींत ऑगस्ट २००७ मध्यें ‘अलेक्सेय मारिशेव्ह’ हें प्रवासी जहाज हिमकड्याच्या फार जवळ असतां बर्फ कोसळलें; तुकडे थेट डेकवर येऊन पडले आणि अठरा ब्रिटिश प्रवासी जखमी झाले. अर्जेंटिनांतील पेरितो मोरेनो हिमनदीसमोर तर लोक नावेंत नव्हते, काठावर उभे होते. तरी १९६८ ते १९८८ या वीस वर्षांत उडालेल्या बर्फाच्या तुकड्यांनीं तेथें ३२ माणसें दगावलीं. आपण बर्फ म्हणतों तेव्हां सरबतांतला खडा डोळ्यांपुढें येतो. हें बर्फ म्हणजे उडालेला दगडच समजावा.

तिसरा प्रकार सर्वांत कपटी. कड्याचा पाण्याखालचा पाया कधीं कधीं तळाशीं तुटतो. बर्फ पाण्याहून हलकें, म्हणून तो तुकडा बाण सुटावा तसा वर येतो, आणि तोहि कड्याच्या बराच पुढें. वर कडा जागच्या जागीं, आणि नावेपुढें अकस्मात् घराएवढें बर्फ! अलास्कांतील नावाडी या प्रकाराला फार भितात, आणि तें योग्यच आहे.

मग प्रवाशानें करावें काय? अलास्कांतील ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानाचा नावांना सल्ला कड्यापासून किमान पाव मैल दूर राहण्याचा आहे; माझ्या मतें उंच कड्यापुढें अर्धा मैल हें अधिक शहाणपणाचें. आपण किती अंतरावर थांबतां, हें तिकीट काढण्यापूर्वींच विचारावें. आणि ‘आम्ही सर्वांहून जवळ नेतों’ असें उत्तर आलें तर दुसरी नाव पाहावी. जाकीट अंगांत घालून बंद बांधलेलें असावें, बाकाखालीं ठेवलेलें नव्हे. मुलांना मुलांच्या मापाचें. बर्फ पडतांच सगळे एका बाजूला धांवतात, आणि लहान नाव तेवढ्यानेंच कलते. म्हणून बसावें, एका हातानें कठडा धरावा, कॅमेरा गळ्यांत असावा. नावाडी खाडीच्या मध्यावर खोल पाण्यांत राहतो तो उगाच नव्हे. उथळ पाण्यांत शिरतांच लाट मंदावते आणि उंच होते. म्हणून काठावर उतरून फराळाला बसणें हें कित्येकदां नावेंत असण्याहून वाईट.

जाकिटाचा एवढा आग्रह कशासाठीं? या पाण्यांत पडणाऱ्याला प्रथम श्वासाचा झटका बसतो. सुमारें एक मिनिट धापच आवरत नाहीं, आणि त्याच मिनिटांत पुष्कळसे लोक बुडतात. तें मिनिट निभावलें तर पुढें दहाएक मिनिटें हातपाय चालतात, मग बोटें वळेनाशीं होतात. शुद्ध हरपण्यास मात्र तासभरहि लागतो. पट्टीचा पोहणारा असला तरी पहिल्या मिनिटांत पोहणें कामास येत नाहीं, तरंगणेंच येतें.

तरंगणाऱ्या हिमखंडांपासूनहि दूरच राहावें. त्यांचा सुमारें नऊदशांश भाग पाण्याखालीं असतो, तो वितळून तोल गेला कीं सबंध खंड कोलांटी खातो. इलुलिस्सातच्या किनाऱ्यावर याच कारणास्तव, काठाकाठानें चालूं नका, अचानक येणारी लाट जीव घेईल, अशी पाटी लावलेली आहे.

मोठा कडा पडून गेल्यावर प्रवाशांना वाटतें कीं, आतां भय सरलें. नावाडी मात्र तेव्हां मुळींच पुढें जात नाहीं. मागें उघडा पडलेला नवा कडा अद्याप आधार शोधीत असतो. तो इंजिन मंद ठेवून बर्फाचा चुरा पांगूं देतो. त्या वेळीं कान दिला तर पाण्यावर बारीक तडतड ऐकूं येते. शेंकडों वर्षें बर्फांत कोंडलेली हवा बुडबुड्यांतून सुटत असते. ती ऐकावयास कड्याजवळ जावें लागत नाहीं. चुरा वाहत वाहत आपणच नावेपाशीं येतो.