संगणकावरील दप्तर (लेखांक ५) : स्वयंचलित राखीव प्रतींची तजवीज

मागील लेखांकात दस्तऐवज कोणत्या स्वरूपात जतन करावा याचा विचार आपण केला. जतन केलेला दस्तऐवज शाबूत राहावा यासाठी त्याच सॉफ्टवेअरमध्ये कोणता बंदोबस्त करून ठेवता येतो, हा या आठवड्याचा विषय आहे. उदाहरणासाठी लिब्रेऑफिस घेतले आहे. २०१० साली ओपनऑफिस डॉट ऑर्गपासून वेगळे झालेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते.

लिब्रेऑफिसमध्ये या कामी दोन निरनिराळ्या तरतुदी आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानात न घेता एकीवर विसंबून दुसरीच्या फळाची अपेक्षा करणारा मनुष्य ऐन प्रसंगी रिक्तहस्त राहतो. पहिली तरतूद आकस्मिक विघ्नासाठी आहे : वीज गेली किंवा सॉफ्टवेअर मध्येच बंद पडले, तरी सेव्ह न केलेला मजकूर सर्वस्वी लुप्त होऊ नये म्हणून ठराविक मिनिटांनी त्याची निराळी नोंद होते, आणि पुढच्या वेळी सॉफ्टवेअर उघडताच तो मजकूर परत आणण्याविषयी विचारणा केली जाते, परंतु काम आटोपून दस्तऐवज रीतसर बंद केला की ही नोंद काढून टाकली जाते. दुसरी तरतूद लिहिणाऱ्याच्या हातून घडणाऱ्या प्रमादासाठी आहे : आपण सेव्हची आज्ञा देतो तेव्हा, नवा मजकूर जुन्याची जागा घेण्यापूर्वी, जुन्या फाईलची एक नक्कल बाजूला काढून ठेवली जाते.

दोन्ही तरतुदी एकाच ठिकाणी सापडतात. ‘टूल्स’ मेनूतून ‘ऑप्शन्स’ उघडावे (मॅकवर त्यासाठी लिब्रेऑफिसच्या मेनूतील ‘प्रेफरन्सेस’), डावीकडील यादीत ‘लोड/सेव्ह’खाली ‘जनरल’ निवडावे, आणि ‘ऑटोरिकव्हरी’ व ‘बॅकअप कॉपी’ यांच्या चौकोनांत खूण आहे की नाही हे समक्ष पाहावे. नसल्यास ती करावी. ऑटोरिकव्हरीची मुदत साधारणतः १० मिनिटांची असते. ती ५ वर आणणे हिताचे; मात्र मोठमोठी चित्रे असलेल्या दस्तऐवजाची जुन्या संगणकावर वारंवार नोंद होऊ लागली, तर टंकन अडखळते, म्हणून तेथे मूळ मुदतच राहू द्यावी.

सर्वाधिक सावधगिरी लागते ती राखीव प्रतीच्या बाबतीत, कारण ही प्रत एकाच पिढीची असते. समजा, प्रबंध लिहिणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने चौथे प्रकरण अनवधानाने पुसले आणि फाईल सेव्ह केली. या घटकेला ते प्रकरण राखीव प्रतीत सुरक्षित आहे. पण चूक लक्षात न येता त्याने पुढे दोन ओळी लिहून पुन्हा सेव्ह केले, की प्रकरण नसलेली आवृत्तीच राखीव प्रतीच्या जागी येते आणि आधीची नाहीशी होते. म्हणून चूक दिसताच प्रथम सेव्हवरचा हात आवरावा, राखीव प्रतीची नक्कल निराळ्या फोल्डरात निराळ्या नावाने करून घ्यावी, आणि मगच दुरुस्तीस लागावे. ज्यांना अनेक पिढ्या हव्या असतील त्यांनी ‘फाईल’ मेनूतील ‘व्हर्जन्स’चा उपयोग करावा, तेथे प्रत्येक आवृत्तीवर शेराही लिहिता येतो. मात्र या आवृत्त्या त्याच फाईलच्या पोटात राहतात, तेव्हा फाईल गेली की त्याही गेल्या.

यावरून स्थानाचा प्रश्न उद्भवतो. ‘ऑप्शन्स’मध्येच ‘लिब्रेऑफिस’खालील ‘पाथ्स’ उघडले असता ‘बॅकअप्स’समोर फोल्डरचा पत्ता दिसतो. विंडोजवर हे फोल्डर मुळात ‘ॲपडेटा’ या सहसा अदृश्य ठेवलेल्या दालनात, म्हणजे बहुधा मूळ दस्तऐवजाच्याच डिस्कवर असते. ‘एडिट’ दाबून पत्ता बदलता येतो, आणि निदान सहज सापडेल असे फोल्डर तरी नेमावे. परंतु एकाच डिस्कवर ठेवलेल्या दोन प्रती डिस्क निकामी झाल्यास एकदमच नष्ट होतात, आणि संगणक चोरीस गेल्यास एकदमच जातात. या दोन्ही तरतुदी कामाच्या ओघातील हानीपुरत्या आहेत. यंत्राच्या नाशाविरुद्ध त्यांचा हवाला देता येत नाही.

खुणा केल्यावर बंदोबस्ताची परीक्षाही घ्यावी, कारण जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही तिच्यावर भरवसा ठेवणे उचित नव्हे. नवी फाईल करून दोन ओळी लिहाव्यात, सेव्ह करावी, एक ओळ पुसून पुन्हा सेव्ह करावी. मग नेमलेल्या फोल्डरात, नावाच्या शेवटी ‘बीएके’ ही अक्षरे असलेली प्रत ‘फाईल’ मेनूतील ‘ओपन’मधून उघडावी. ती दिसत नसेल, तर त्या चौकटीत ‘ऑल फाईल्स’ निवडावे. पुसलेली ओळ प्रतीत आढळली, म्हणजे तजवीज यथास्थित झाली असे समजावे.

पुढील लेखांकात बाहेरची स्वतंत्र डिस्क आणि विंडोजमधील ‘फाईल हिस्टरी’ यांचा विचार करू; मुळात दर तासाला बदललेल्या फाईलींच्या प्रती घेणारी ही सोय एकाहून अधिक पिढ्या राखते, आणि आज उरलेली दोन्ही उणी भरून काढण्याचा मार्ग तेथूनच सुरू होतो.