चहाचा पेला आणि शिष्टाचार

शिष्टांचा जो आचार तो शिष्टाचार, असा ह्या शब्दाचा मूळ अर्थ. एकोणिसाव्या शतकांत तो एखाद्या व्रताइतक्याच नेमानें पाळला जाई. कोणाच्या पंक्तीस बसावें, कोणाच्या हातचें पाणी प्यावें, हें सर्व ठरलेलें असे. परंतु दोन शिष्टाचार परस्परांस आडवे आले, तर शहाण्यानें कोणता पाळावा? पुण्यांत हा प्रश्न एका चहाच्या पेल्यानें उपस्थित केला.

१८९० सालच्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानासाठीं शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक हे त्यांत होते. व्याख्यान संपल्यावर यजमानांनीं चहा व बिस्किटें पुढें केलीं. नाकारावीं तर यजमानांचा अवमान. घ्यावीं तर घरचा आचार बुडाला! कोणी चहा प्याले. कोणी नुसता पेला हातीं घेऊन खालीं ठेविला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापविलीं आणि शहरांत गहजब उडाला.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व चौकशी बसली. हा केवळ शाब्दिक वाद नव्हता. ग्रामण्य म्हणजे श्राद्धपक्षास भटजी मिळावयाचा नाहीं, पंक्तीचें आमंत्रण बंद, मुलामुलींचीं लग्नें अडावयाचीं! पेला पुरुषांनीं उचलावा आणि त्याचा भार घरांतील बायकामुलांनीं वाहावा, अशी ही रीत. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें दाखविलें. रानड्यांनीं आरंभीं तें घेतलें नाहीं. पुढें १८९२ सालीं एका स्नेह्याची अडचण पाहून घेतलें. त्याबद्दल त्यांजवर टीका झाली, आणि खुद्द रमाबाईंसहि तें रुचलें नाहीं, हें त्यांच्या आठवणींवरून दिसतें.

आम्ही वर्गांत ही हकीकत सांगत असूं तेव्हां मुलें खदखदां हसत. आम्हांस मात्र त्यांत हसण्यापेक्षां शिकण्याजोगें अधिक वाटे. अतिथीस देव मानणाऱ्या समाजांत अतिथि म्हणून दुसऱ्याकडे गेल्यावर त्याचा मान राखणें हा अपराध ठरला! ज्यांनीं पेला हातीं धरून खालीं ठेविला, त्यांना भित्रे म्हणणें सोपें आहे. पण दोघांचाहि मान राखूं पाहणाऱ्या माणसाची ती ओढाताण होती.

आज त्याच पुण्यांत दारीं आलेल्यास चहा न विचारणें हाच असभ्यपणा समजतात. आचार पालटतात. म्हणून, वाचकहो, घरांतील एखादी रीत मोडली म्हणून सुनेवर किंवा नातवावर रागावण्यापूर्वीं एवढेंच पाहावें : ह्या रीतीनें कोणाचा मान राखला जातो, आणि तिचा भार कोणाच्या माथीं बसतो?