जुन्या स्पोर्टस् कारचा क्लच : इंजिन उतरविण्यापूर्वी दोष ओळखा

जळगाव - चाळीसगावहून कन्नड घाट चढताना किंवा धुळ्याजवळचा लळिंग घाट ओलांडताना वाहनाची खरी परीक्षा इंजिनाइतकीच क्लचचीही होते. हौसेने जपलेल्या जुन्या स्पोर्टस् कारच्या बाबतीत तर ही परीक्षा अधिकच कठीण ठरते. चढावर क्लच निकामी झाल्यास वाहन मागे घसरण्याचा धोका असतो. दुसरीकडे, दोषाचे नेमके निदान न करता इंजिन उतरविल्यास किरकोळ दुरुस्तीसाठी मोठा भुर्दंड सोसावा लागतो.

ब्रिटिश बनावटीची 'एमजीबी' ही याचे उत्तम उदाहरण होय. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या या दोन दारी मोटारीचा गिअरबॉक्स स्वतंत्रपणे खाली उतरविता येत नाही. क्लच प्लेट बदलावयाची असल्यास इंजिन बाहेर काढावे लागते. भारतात 'सॅन मोटर्स'ने १९९८ मध्ये फायबरग्लासची बॉडी आणि 'रेनॉ'चे इंजिन असलेली 'सॅन स्टॉर्म' ही छोटेखानी स्पोर्टस् कार बाजारात आणली होती. अशा मोटारींचे सुटे भाग गावोगावी मिळत नाहीत. म्हणूनच आधी निदान आणि मग पाना, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

क्लचचे कार्य

इंजिनाच्या फ्लायव्हीलला प्रेशर प्लेट बोल्टने घट्ट बसविलेली असते. या दोहोंमध्ये क्लच प्लेट स्प्रिंगच्या दाबाने धरलेली असते व तिच्यामार्फत इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबताच रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाब देते, क्लच प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. पेडलचा दाब बेअरिंगपर्यंत पोचविण्यासाठी काही मोटारींत केबल, तर काहींत तेलाचा दाब वापरलेला असतो. तेलाच्या पद्धतीत पेडलजवळ मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो.

दोष दोन, लक्षणे वेगळी

क्लचचे मुख्य दोष दोन आहेत : क्लच घसरणे व क्लच न सुटणे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरत आहे असे समजावे. खात्री करण्यासाठी मोकळ्या व सपाट जागी हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून पेडल हळूहळू सोडावे. इंजिन बंद पडले, तर क्लचची पकड ठीक आहे. ते चालूच राहिले, तर पकड सुटलेली आहे. ही चाचणी वारंवार करू नये. त्यामुळे प्लेट तापते. झिजलेले लायनिंग, थकलेल्या स्प्रिंगा, इंजिनाच्या मागील बाजूने प्लेटवर झिरपलेले ऑइल किंवा पेडलला अजिबात ढील नसणे ही त्याची कारणे होत. यांपैकी ढील बाहेरून तपासता येते, म्हणून ती प्रथम पाहावी.

याउलट पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरत असेल, विशेषतः रिव्हर्स पडत नसेल, तर क्लच पुरता सुटत नाही. येथेच घाईने इंजिन उतरविण्याची चूक होते. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा बाहेरच असतो. पेडल लागोपाठ दोन-तीन वेळा दाबल्यावर गिअर सहज पडत असेल, तर तेलात हवा शिरली आहे किंवा मास्टर सिलिंडर कमकुवत झाला आहे. पेडल दाबून धरले असता थोड्या वेळाने वाहन पुढे सरकू लागल्यास सिलिंडरमधील रबरी वॉशरमधून दाब गळत आहे, असे मानावे.

निर्णायक मोजमाप

एका व्यक्तीने पेडल पूर्ण दाबावे व दुसऱ्याने स्लेव्ह सिलिंडरचा दांडा किती सरकतो ते मोजावे. इंजिन बंद असावे आणि चाकांना अडणी लावलेली असावी. 'एमजीबी'मध्ये हा दांडा सुमारे अर्धा इंच सरकणे अपेक्षित असते. तो कमी सरकत असेल, तर तेलाची पातळी, गळती, अडकलेली हवा, आतून फुगलेला रबरी पाइप आणि पेडलची झिजलेली पिन तपासावी. पिन किंवा वॉशर किट बदलण्यासाठी इंजिनाला हात लावावा लागत नाही. दांडा पुरेसा सरकूनही क्लच सुटत नसेल, तरच दोष आत आहे. केबलच्या मोटारीत केबलचे तुटलेले धागे आणि ढिलाईचे समायोजन पाहावे.

आवाजावरूनही अंदाज येतो. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाल्यास रिलीज बेअरिंग आणि दाबल्यावर थांबल्यास गिअरबॉक्समधील बेअरिंग संशयास्पद ठरते.

खानदेशात घ्यावयाची काळजी

जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर पावसाळ्यात हवेत ओलावा असतो. क्लचमध्ये वापरले जाणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे ते कमी तापमानाला उकळू लागते, तसेच सिलिंडर आतून गंजतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलणे हितावह असते. त्यात इंजिन ऑइल कदापि घालू नये; रबरी वॉशर फुगून निकामी होतात. अनेक महिने उभ्या असलेल्या मोटारीची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पंधरवड्यातून एकदा मोटार चालवून क्लच वापरल्यास हा त्रास टळतो.

जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने क्लच उघडल्यावर ती हवेच्या दाबाने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून काढावी व मिस्त्रीने तोंडाला योग्य मास्क लावावा.

घाटात वाहन थांबवावे लागल्यास 'हाफ क्लच'वर धरून न ठेवता हँडब्रेक ओढावा. चालविताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवयही सोडावी. एवढे पथ्य पाळले, तरी क्लचचे आयुष्य निश्चितच वाढते.