प्राप्तिकराचे दप्तर

ज्या पगारदार गृहस्थाने १ एप्रिलपासून ठेवींवरील व्याजाचे दाखले, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या आणि देणग्यांची पोच तारीखवार लावून ठेवली, व पुढे जूनमध्ये हाती येणारा फॉर्म १६ त्याच दप्तरात जोडला, त्याला जुलैअखेर विवरणपत्र भरताना कोणाचीही मनधरणी करावी लागत नाही. खात्याच्या २६एएस तक्त्यातील करकपात आपल्या कागदांशी रकमेनिशी ताडून पाहावी आणि तफावत आढळल्यास कपात करणाऱ्याकडूनच, तीही विवरणपत्र दाखल करण्यापूर्वी, दुरुस्त करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. घराचे खरेदीखत आणि मुद्रांकशुल्क व नोंदणीच्या पावत्या मात्र कधीही रद्दीत जाऊ देऊ नयेत. वीस वर्षांनी ते घर विकले, तरी भांडवली नफ्याची आकारणी त्याच मूळ खर्चाच्या आधारे होते. रोखीने दिलेली २,००० रुपयांवरील देणगी, रीतसर पावती असूनही, वजावटीस पात्र ठरत नाही.